हंड्याचा तपास

२००४ सालच्या दिवाळीत आमचा तांब्याचा हंडा चोरीला गेला, असं आमच्या घरात अजूनही म्हणतात. तो चोरीला गेला नव्हता. पण हे घरात सगळ्यांना कळेपर्यंत फाल्गुन उजाडला, आणि तोवर "हंडा चोरीला गेला" हे इतक्यांदा बोलून झालं होतं की मागे घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

मी तेव्हा पाचवीत होते. आमचं गाव पेणहून नागोठण्याकडे जाताना डाव्या हाताला आत, सपाटी संपून डोंगर सुरू होतो तिथे. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला चढण, आणि चढणीवर अर्ध्या तासावर कातकऱ्यांची वाडी. हंडा पणजीच्या लग्नातला. वर्षभर माळ्यावर पडून असायचा. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी खाली यायचा, चिंचेने घासून लख्ख व्हायचा आणि पहाटे त्यात अख्ख्या घराचं पाणी तापायचं. भाऊबीज झाल्यावर बाबा तो परत वर ठेवायला मागच्या पडवीत गेले, तर हंडा जागेवर नाही.

हंडा कुठे असेल हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. आजी चुलीपुढून न उठता म्हणाली, "कातोड्यांशिवाय कोन नेल?" त्या आठवड्यात वाडीवरची चार माणसं आमच्याकडे झोडणीला होती. मजुरी घ्यायला ती मागच्या पडवीतच उभी राहायची, कारण पुढच्या ओटीवर त्यांना कुणी बोलावत नसे. म्हणजे उभं कुठे राहायचं हे आम्हीच ठरवलं होतं, आणि तिथे उभे होते म्हणून संशयही आम्हीच घेतला.

दोन शिपाई आले. पोलीस पाटील आले. बाबा त्यांच्याबरोबर निघाले, आणि मी नि माझा चुलतभाऊ जत्रेला निघाल्यासारखे मागे मागे. वाडीत पंधरा-सोळा झोपड्या होत्या, कारवीच्या कुडाच्या, शेणाने लिंपलेल्या. शिपायांनी मडकी उलटी केली. गोधड्या बाहेर काढून झटकल्या. एका झोपडीत गोणपाटात बांधलेलं थोडं भात निघालं. "हे कुणाच्या शेतातलं?" एका शिपायाने विचारलं. झोपडीचा मालक साधारण माझ्या बाबांच्याच वयाचा, कदाचित चार-पाच वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "उंदराच्या बिलातला हाय, सायेब."

शिपाई हसले. पाटील हसले. बाबाही हसले आणि ते हसले म्हणून मीही हसले.

ते खरं होतं. कापणी झाली की कातकरी शेताचे बांध खणतात. उंदरांनी बिळात ओंब्या ओढून नेलेल्या असतात. खणणाऱ्याला उंदीरही मिळतात आणि भातही. रायगडात शेतीशी ज्याचा थोडाफार संबंध आहे त्याला हे ठाऊक असतं. बाबांनाही होतं. आमच्याच बांधावर ती माणसं दरवर्षी खणायची, आणि उंदीर कमी होतात म्हणून आम्ही खणू द्यायचो.

त्या माणसाला खाली नेलं. दोन रात्री तो घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच शिपायांनी त्याला आमच्या मागच्या ओढ्यात आणलं, "कुठे पुरलायस दाखव" म्हणून. त्याने पुरलाच नव्हता तर दाखवणार काय? मग शिपाई त्याला म्हणाले, तुला रान माहीत आहे, चोर कुठे लपवतात तेही तुला माहीत असणार, तूच शोध. तो शोधायला लागला. ओढ्याच्या दोन्ही काठांनी, करवंदीच्या जाळ्यांतून, दगडांच्या कपारींतून. मी बांधावर उभी राहून बघत होते. दोन वर्षांपूर्वी आमची गाभण म्हैस रानात हरवली होती तेव्हाही तो असाच वाकून, जमिनीवरून नजर न हलवता चालला होता, आणि संध्याकाळी म्हैस घेऊन आला होता. बाबांनी त्याला एक जुना सदरा दिला होता. हंडा मात्र त्याला सापडला नाही. दुपारी त्याला सोडून दिलं.

फाल्गुनात काकाने हंडा आणून ठेवला. हमरापूरच्या एका गणपती कारखान्यात त्याची भागी होती. दिवाळीनंतर मालासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्याने हंडा पेणच्या बाजारात गहाण टाकला होता. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग म्हणाली, घरातली गोष्ट घरात राहू दे. हंडा माळ्यावर गेला. वाडीवर कुणी गेलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी परत कातकऱ्यांच्या कामात आले ते वेगळ्याच निमित्ताने. महाराष्ट्रात तीन जमाती केंद्राच्या यादीत 'विशेष असुरक्षित आदिम जमाती' म्हणून आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'जनमन' योजना सुरू झाली, आणि त्यात जागोजाग शिबिरं लागली. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला असं सगळं एका मांडवात. मी पनवेलला नोकरी करते. शनिवार-रविवार फॉर्म भरून द्यायला माणसं हवीत, असा मेसेज ग्रुपवर आला म्हणून गेले. माझं काम म्हणजे ओटीपी येईपर्यंत लोकांशी गप्पा मारणं.

बारावी झालेली एक मुलगी पुढ्यात बसली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी दाखला हवा होता. वाडीचं नाव सांगितलं तेव्हा मी मान वर केली. वडिलांचं नाव लिहिलं. आजोबांचं नाव तिने सांगितलं, तेही लिहिलं. मग विचारलं, "तुझे आजोबा म्हणजे ते, म्हैस शोधून द्यायचे ते का?" ती हसली. "हो, तेच. गेले ते, चार वर्षं झाली." मी त्यांना म्हशीवरून ओळखलं असं दाखवलं. हंड्याचं नाव काढलं नाही. आणि त्या माणसाला नाव होतं हे मला त्या दिवशी, वयाच्या तिशीत, एका फॉर्मचा रकाना भरताना कळलं.

दाखल्याची अडचण अशी असते. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० ला निघाली. तेव्हा आपलं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि याच जमातीचं होतं, याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, सातबारा, नाहीतर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली ओळ. तिचे पणजोबा शाळेत गेले नव्हते. जमीन नव्हती. शिवाय आडनाव पवार. रांगेतला एकजण हसत म्हणाला, "पवार तर मराठे असतात की!" कातकऱ्यांत पवार असतात, वाघमारे असतात, जाधव असतात, नाईक असतात. मुलीने हे इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं असणार की तिने फक्त मान हलवली.

तिचे पणजोबा मूळचे रोहा तालुक्यातले. कोळशाच्या भट्ट्यांचं काम संपेल तसं सरकत सरकत पेणकडे आले. म्हणजे पुरावा कुठे शोधायचा हाही एक शोधच होता. मी त्या रात्री मोबाईलवर कुलाबा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडलं. रायगड हे नाव १९८१ पासूनचं, त्याआधी हा कुलाबा जिल्हा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, १८८३ सालचा, जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली झालेला. मला वाटलं होतं की वाड्यांची यादी मिळेल, निदान गावांची नावं तरी.

त्यात नद्या नावानिशी आहेत, किल्ले आहेत, बंदरं आहेत. कातकरी आहेत ते अनेकवचनात. ते असे दिसतात, ते असं खातात, ते खैराच्या लाकडातून कात काढतात आणि त्यावरून त्यांचं नाव पडलं. सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे त्यांचे भेद. रामाच्या वानरसेनेशी ते आपलं कूळ जोडतात. चोरटे म्हणून त्यांची ख्याती आहे. त्याही आधी, १८४३ मध्ये, जॉन विल्सन या मिशनऱ्याने वारली आणि काथोडी यांच्यावर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं तेच हे विल्सन. कुणी काही म्हणो, त्या काळच्या साहेबांना कुतूहल दांडगं होतं. पण 'ते' म्हणजे कोण, त्यातल्या एकाचं तरी नाव काय, हे कुतूहल कमी.

ज्यांची नावं मिळतात ते पळालेले. सरकार ज्याला शोधत होतं त्याचं नाव कागदावर पक्कं. उमाजी नाईक. १८२७ च्या सुमारास त्यांची माणसं घाट उतरून कोकणात आली, आणि सारा इंग्रजांना नव्हे तर आम्हाला द्या, असे जाहीरनामे गावोगाव फिरले. उमाजी रामोशी, म्हणजे कातकऱ्यांपेक्षा वेगळ्या समाजाचे. पण सरकारची शोधण्याची रीत बघण्यासारखी आहे. पकडता येईनात तेव्हा सरकारने त्यांचे गुन्हे माफ केले आणि त्यांनाच पगारावर डोंगराच्या बंदोबस्ताला ठेवलं. ते जमलं नाही तेव्हा परत पाठलाग सुरू झाला, १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन असं इनाम लागलं, आपल्यातल्याच माणसांनी फितुरी केली, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली. त्या मोहिमेतला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश. त्याने पकडलेल्या उमाजींशी बोलून, माहिती काढून रामोशांवर पुस्तक लिहिलं, ते १८३३ मध्ये छापलं. मग महादेव कोळ्यांच्या बंडाच्या बंदोबस्तात होता, तर त्यांच्यावरही लिहिलं. त्यांची कुळं कोणती, लग्नं कशी लागतात, देव कोणते, डोंगरातल्या वाटा कुठून कुठे जातात. आज अभ्यासक ती पुस्तकं जमातींचा इतिहास म्हणून वाचतात, आणि त्यांत खरंच इतर कुठे न मिळणारी माहिती आहे. पण ती आधी तपासाची टिपणं होती. कोण कुणाचा मेहुणा हे विचारायचं कारण, तो मेहुण्याकडे लपला असेल हे होतं.

कोळ्यांमधले राघोजी भांगरे जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात पकडले गेले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. मग १८७९. पेणहून पनवेलला जाताना कर्नाळ्याच्या पुढे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके तिथले. मी रोज त्या रस्त्याने जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून आले, पळस्पे आणि चिखले इथे मोठे दरोडे पडले, आणि परत घाटमाथ्याकडे जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठून गोळी घातली. जुलैमध्ये फडके पकडले गेले. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात ते वारले. गॅझेटियरचा कुलाबा खंड छापून आला तेही वर्ष १८८३.

मला राहून राहून वाटतं, पळस्प्यापासून घाटापर्यंतच्या त्या रानात ज्यांच्या वाड्या होत्या त्यांच्या दारात त्या मे महिन्यात दोन्ही बाजूंची माणसं आली असणार. एकाला वाट हवी, दुसऱ्याला वाट कुणी दाखवली ते हवं. वाडीवरच्या माणसाला दोघांनाही नाही म्हणायची सोय नसते. हे मी इतिहासातून सांगत नाही. ओढ्यात वाकून चालणारा माणूस मी पाहिलेला आहे.

त्याच वर्षी, १८७९ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असाच एक शोध चालला होता. ऑस्ट्रेलियातल्या नेड केली नावाच्या दरोडेखोरावर मी एक सिनेमा पाहिला होता, त्यातून ही माहिती काढत गेले. केलीची टोळी व्हिक्टोरिया प्रांताच्या पोलिसांना सापडेना. मार्चमध्ये क्वीन्सलँडहून तिथल्या आदिवासींमधले सहा माग काढणारे आणले गेले, स्टॅनहोप ओकॉनर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. मोडलेल्या गवतावरून, दगडावरच्या ओरखड्यावरून माग काढणारी ही माणसं. त्यांच्यातला एक त्या थंडीत आजारी पडून मेला. १८८० मध्ये केली पकडला गेला. ८,००० पौंडांचं बक्षीस वाटलं तेव्हा माग काढणाऱ्यांच्या वाट्याला प्रत्येकी ५० पौंड आले, पण ते त्यांच्या हातात दिले नाहीत. एवढे पैसे यांना सांभाळता येणार नाहीत म्हणून ते सरकारच्या हवाली करावेत असं ठरलं. आणि त्यांची नावं? हीरो, जॅकी, जिमी, बार्नी, जॉनी. गोऱ्यांच्या तोंडात बसतील अशी. हे वाचून मला बाबांनी दिलेला जुना सदरा आठवला, आणि फोन खाली ठेवला.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर शोधायची गोष्ट बदलली. माणसाऐवजी लाकूड. राखीव जंगलातला खैर तोडला की गुन्हा, म्हणजे कात काढणं हाच गुन्हा. राब भाजायला टहाळ तोडण्यावरून ठाणे आणि कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. शेतकऱ्याकडे ओरडायला सभा होत्या, अर्ज होते, शहरातले वकील होते. कातवाल्या माणसाने धंदा सोडला, आणि ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर गेला. मुलीचे पणजोबा त्याच वाटेने पेणला आले.

१९३८ मध्ये डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला. शीर्षकातच 'मूळनिवासी आणि डोंगरी जमाती' असा शब्द. सावकाराची गुलामी, फुकटची वेठ, खालच्या नोकरशाहीचा जाच, सगळं त्याने स्वच्छ लिहिलं. पण त्याला नेमून दिलेले भाग म्हणजे खानदेश, नाशिक, पंचमहाल, आणि ठाणे जिल्ह्यातले डहाणू, शहापूर, मोखाडा, उंबरगाव. त्यात कुलाबा नव्हता. पुढे स्वतंत्र भारतात अनुसूचित क्षेत्रं जाहीर झाली त्यातही हा जिल्हा आला नाही, म्हणून पेसा कायदा आमच्याकडे लागू नाही. म्हणजे सरकारला शोधायचं होतं तेव्हा ही वाडी प्रत्येक वेळी सापडली. द्यायचं होतं तेव्हा हद्दीबाहेर पडली.

या सगळ्या कागदांत मला पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, असं एकच ठळकपणे भेटलं. नाग्या महादू कातकरी. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. मामलेदार आले, पोलीस आले, हजारो आगरी-कोळी-कातकरी जमले, गोळीबार झाला. आठ सत्याग्रही मेले, त्यात नाग्या. मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात गेले. शाळेत आम्हाला नाग्या कातकऱ्याचं नाव होतं, आठांच्या यादीत, पाठ करायला. आडनावाच्या जागी त्याची जात होती, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दरवर्षी चिरनेरला त्या दिवशी पोलीस हुतात्म्यांना मानवंदना देतात. बंदुका घेतलेले पोलीस रांगेत उभे राहून सलामी देतात हे मी लहानपणापासून पाहिलंय, पण रोह्यात. माझं आजोळ रोह्याचं. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा ग्रामदैवताला पोलीस मानवंदना देतात, ब्रिटिश काळापासूनची रीत आहे. पहाटे आजोबांच्या खांद्यावर बसून मी ते पाहायचे. माझ्या डोक्यात पोलीस म्हणजे देवाला सलाम करणारे. वाडीवर गोधड्या झटकणारे पोलीस पाहीपर्यंत.

दाखल्याचं पुढे असं झालं. मुलगी आणि मी दोन्ही तालुक्यांच्या जुन्या नोंदवह्या बघायला गेलो. गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. अभिलेख खोलीतल्या माणसाने स्वतः शिडी लावून गठ्ठे काढून दिले, चहा पाजला, आणि मोडीतली पानं वाचून दाखवायला एका निवृत्त गृहस्थांना फोन लावून बोलावलं. दोन दिवस बसलो. १९३८ च्या एका पानावर एक ओळ सापडली. मयत. जात: काथोडी. कारण: ताप. वय अंदाजे. नावाच्या रकान्यात एका बाईचं नुसतं पहिलं नाव, नवऱ्याचं नाव नाही, गाव नाही. मुलगी म्हणाली, "ही आमची असंल पण, नसंल पण." गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "काथोडी लिहिलंय एवढं खरं," म्हणाले.

परतीच्या एसटीत मी तिला सांगितलं. बाकी काही न बोलता, सरळ. हंडा आमच्या काकाने गहाण टाकला होता.

ती खिडकीबाहेर बघत होती. नागोठणं मागे पडलं. मग म्हणाली, "आजीला ठाऊक हाय."

आजी त्या फाल्गुनात पेणच्या बाजारात मोळी विकायला बसली होती. काका गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन दुकानातून उतरला. तांब्याचा काठ उघडा पडला होता. तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मग कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच प्रश्न किती मूर्खपणाचा आहे ते कळलं.

"सांगणार कोणाला? तुमच्या बाबांना?" ती म्हणाली. रागाने नाही. आणि मग तिने मला माहीत नसलेलं सांगितलं. तो दोन रात्री खाली होता त्याच दिवशी वीटभट्टीचा ट्रक आला होता. भट्टीवाल्याकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की ट्रक येतो, बायकामुलं, कोंबड्या, भांडी सगळं भरून जातो, आणि उचल अंगमेहनतीने फेडायची असते. जोडी पुरी नव्हती म्हणून यांना सोडून ट्रक गेला. उचल अंगावर राहिली. पुढच्या वर्षी ती दुप्पट लावली. मुलीचे वडील तेव्हा सोळा वर्षांचे, ते शाळा सोडून भट्टीवर गेले ते पुन्हा शाळेत आले नाहीत. "म्हणून मी बारावी झाले तर त्यांनी वाडीभर गूळ वाटला," ती म्हणाली.

मी घरी बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता. त्यानंतरच्या रविवारी ते वाडीवर गेले. काय बोलले ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आईने विचारलं, तर "आजी चहा देत होती, मी घेतला" एवढंच म्हणाले. आमच्या घरातून वाडीवर जाऊन कुणी चहा घेतला अशी ही पहिलीच वेळ.

हा लेख लिहिताना मी मुलीला विचारलं, तुझ्या आजोबांचं नाव घालू का. मला वाटलं होतं तिला आवडेल. इतक्या कागदांत नाव नाही, निदान इथे तरी असावं. ती म्हणाली, "नको ताई. कशाला? परत कोणी येतील शोधत." मग काकाचंही घातलं नाही.

कागद नसला तर अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन चौकशी करायची सोय असते. तशी ती झाली. चौकशीला आलेले गृहस्थ तरुण होते, स्वतः आदिवासी, नंदुरबारकडचे. फटफटीवरून न येता जीपने आले, कारण बरोबर एक कारकून आणि लॅपटॉप. मीही गेले होते. कुळं कोणती, देव कोणते, लग्न कोण लावतं, मयताला काय करतात, असे प्रश्न त्यांच्याकडे छापील होते. मी ते कागदावर वाचले आणि मला मॅकिंटॉश आठवला. प्रश्न तेच होते, फक्त या वेळी उत्तरांतून मुलीला काहीतरी मिळणार होतं.

पण जीप वाडीखाली थांबल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही सगळे बाहेर होतो, आणि आजी आत होती. ती बाहेर आली ती हातात मडकं घेऊन. ते अंगणात उपडं ठेवलं. मग दुसरं आणलं. मग अॅल्युमिनियमचं पातेलं, मग गोधड्या, एकेक करून दोरीवर झटकून टाकल्या. कुणी काही म्हणालं नव्हतं. साहेब अजून चढणीवरच होते.

"आये, काय करतेस," मुलगी म्हणाली.

साहेब वर पोचले, अंगणातली भांडी बघितली, आणि त्यांना समजलं असावं. ते पादत्राणं काढून खालीच बसले. म्हणाले, "आजी, भांडी राहू द्या. मला नावं हवीत. तुमच्या सासऱ्याचं, त्यांच्या बापाचं, जेवढी आठवतील तेवढी."

आजीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आधी तिने सगळी मडकी उचलून आत नेली, गोधड्यांच्या घड्या घातल्या. मग पदराने हात पुसत येऊन बसली आणि सांगायला लागली.